व्यवसायांचं राष्ट्रीय वर्गीकरण अपडेट होतं म्हणजे नक्की काय होतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एनसीओ कोड हा शब्द बऱ्याच जणांना पहिल्यांदा ई-श्रमचा, म्हणजे असंघटित कामगारांच्या सरकारी नोंदणीचा फॉर्म भरताना किंवा कॅनडाच्या पीआरची, म्हणजे तिथे कायम राहण्याच्या परवान्याची माहिती काढताना भेटतो आणि मग प्रश्न सुरू होतात. नेहमी येणारे प्रश्न इथे एकत्र केलेत. काही उत्तरं लांबलीत, कारण तो विषयच तसा आहे.

एनसीओ म्हणजे काय आणि माझा त्याच्याशी काय संबंध?

एनसीओ म्हणजे नॅशनल क्लासिफिकेशन ऑफ ऑक्युपेशन्स. देशात लोक जी जी कामं करतात त्यांची ही सरकारी मांडणी, केंद्राच्या कामगार आणि रोजगार मंत्रालयाकडून निघते. नुसती नावांची यादी नसते, प्रत्येक कामाला एक कोड असतो, एक नाव असतं आणि ते काम करणारा माणूस दिवसभर नक्की काय करतो याचं थोडक्यात वर्णन असतं. हे वर्णनच सगळ्यात महत्त्वाचं आणि तेच कोणी वाचत नाही.

संबंध असा की रोजगाराचे जे आकडे पेपरात येतात, अमुक इतके लोक शेतीत, अमुक इतके ड्रायव्हर, अमुक इतके शिक्षक, ते याच कोडांवरून मोजले जातात. पीएलएफएस हा रोजगाराचा मोठा सर्वे असो, नॅशनल करिअर सर्व्हिसचं पोर्टल असो की ई-श्रम, सगळीकडे तुमचं काम शेवटी कुठल्यातरी कोडात जाऊन बसतं. आणि ज्या कामाला धड जागाच नाही ते काम करणारे लोक "इतर" मध्ये जातात, मग त्यांच्यासाठी ट्रेनिंग किती हवं, विमा कोणाला हवा, किती जणांना पाठदुखी होते किंवा अपघात होतात हे वेगळं काढताच येत नाही. माझ्या मते सगळा मुद्दा इथेच आहे.

आत्तापर्यंत हे किती वेळा अपडेट झालं?

१९५८, मग १९६८, मग २००४ आणि मग २०१५. मधली गॅप बघा, १९६८ ते २००४ म्हणजे ३६ वर्षं. त्या काळात कॉम्प्युटर आला, घरोघरी टीव्ही आला, एसटीडी बूथ आले आणि जायलाही लागले, मोबाइल आला, आयटी कंपन्या उभ्या राहिल्या, आणि कामांची अधिकृत मांडणी मात्र टेलिप्रिंटरच्या जमान्यातली. २००४ ची आवृत्ती आयएससीओ-८८ वर बेतलेली होती आणि २०१५ ची आयएससीओ-०८ वर. आयएससीओ म्हणजे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचं, आयएलओचं, जागतिक वर्गीकरण, बहुतेक देश तेच हाताशी धरून आपापलं बनवतात.

२००४ मध्ये २,९४५ व्यवसाय होते, २०१५ मध्ये ते ३,६०० च्या आसपास गेले.

कोड वाचायचा कसा?

वेल्डरचं उदाहरण घेऊ. ७२१२. पहिला ७ म्हणजे कारागीर आणि त्या प्रकारची कामं. ७२ म्हणजे धातू आणि मशिनरीची कामं. ७२१ मध्ये पत्र्याचं काम करणारे, साचेकाम करणारे, वेल्डर असे सगळे. आणि ७२१२ म्हणजे फक्त वेल्डिंग आणि गॅस कटिंगवाले. हे चार आकडे आयएससीओ-०८ शी जुळतात, त्यामुळे आपला वेल्डर आणि दुसऱ्या देशातला वेल्डर एकाच खणात सापडतो. त्यापुढे आपले स्वतःचे आणखी चार आकडे, म्हणजे एकूण आठ. २००४ मध्ये एकूण सहाच आकडे होते, शेवटचे दोन २०१५ ला वाढवले ते कौशल्य प्रशिक्षणाच्या कोर्सेसशी, म्हणजे क्वालिफिकेशन पॅकशी जोडण्यासाठी.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा, यादी आठ आकड्यांची असली तरी सर्वेतली माहिती तितकी बारीक नसते. पीएलएफएसमध्ये व्यवसाय तीन आकड्यांपर्यंतच कोड होतो. याचा परिणाम काय होतो ते खाली डिलिव्हरीच्या प्रश्नात येईल.

मी हॉस्पिटलमध्ये ड्रायव्हर आहे. मग मी आरोग्य क्षेत्रातला ना?

उद्योग विचारला तर हो, व्यवसाय विचारला तर नाही. इथे तीन वेगवेगळ्या गोष्टींची फार सरमिसळ होते. तुम्ही जिथे काम करता ती संस्था काय करते, तो उद्योग, त्याचं वेगळं वर्गीकरण आहे, एनआयसी. तुम्ही स्वतः हाताने-डोक्याने काय करता तो व्यवसाय, तो एनसीओ. आणि तुम्ही पगारावर आहात, रोजंदारीवर आहात, स्वतःचा धंदा आहे की घरच्या धंद्यात बिनपगारी हातभार लावता, ही तिसरी गोष्ट, तिचे पीएलएफएसमध्ये वेगळे कोड आहेत, ११ म्हणजे स्वतःच्या भरवशावर काम करणारा, २१ म्हणजे घरच्या धंद्यात बिनपगारी मदत करणारा, ३१ म्हणजे नियमित पगारी, ५१ म्हणजे रोजंदार. साखर कारखान्यातला वायरमन, मॉलमधला वायरमन आणि स्वतःची पिशवी घेऊन फिरणारा वायरमन, तिघांचा व्यवसाय एकच, बाकी दोन्ही गोष्टी वेगळ्या.

अपडेटच्या वेळी ज्या सूचना येतात त्यातल्या कित्येक इथेच बाद होतात, कारण लोक उद्योगाची तक्रार व्यवसायाच्या वर्गीकरणात घेऊन येतात.

नवीन व्यवसायाला स्वतंत्र कोड कधी मिळतो? नाव नवीन असलं की झालं का?

नाही, नाव नवीन असून काहीच होत नाही. कंपन्या दर दोन-तीन वर्षांनी जुन्या कामाला नवीन नाव देतात, कस्टमर केअरवाला "हॅपिनेस मॅनेजर" होतो, पण तो फोनच उचलत असेल तर काम तेच राहिलं. बघायचं ते हे की त्या माणसाची रोजची कामं आधीच्या कुठल्या व्यवसायापेक्षा खरंच वेगळी आहेत का, त्यासाठी वेगळं शिकावं लागतं का, असे लोक पुरेसे आहेत का आणि ते एकाच कंपनीत किंवा एकाच शहरात अडकलेले नाहीत ना. आणि एक अट असते जी बाहेरच्यांना लवकर पटत नाही, सर्वेत ते काम ओळखता आलं पाहिजे. म्हणजे घरोघरी फिरणाऱ्या माणसाला चार वाक्यांत मिळालेल्या उत्तरावरून हा अमुकच हे कळलं पाहिजे. नाही कळलं तर कोड कागदावर राहतो आणि त्यात माणसंच पडत नाहीत.

अमेरिकेच्या वर्गीकरणात, त्याला एसओसी म्हणतात, सोलर पॅनल बसवणारे आणि पवनचक्क्यांची देखभाल करणारे २०१० च्या आवृत्तीत स्वतंत्र आले, डेटा सायंटिस्ट २०१८ च्या आवृत्तीत आले. हे लोक त्याच्या आधीही होतेच, पण कोणी इलेक्ट्रिशियनमध्ये, कोणी छत टाकणाऱ्यांमध्ये, कोणी संख्याशास्त्रज्ञांमध्ये असे विखुरलेले होते.

आपल्याकडे ड्रोन उडवणाऱ्यांचं बघा. २०२१ च्या ड्रोन नियमांनी रिमोट पायलटचं सर्टिफिकेट आलं, शेतात फवारणी करणाऱ्या महिला बचत गटांसाठी ड्रोन दीदी योजना आली. म्हणजे वेगळं प्रशिक्षण आहे, वेगळं लायसन्स आहे, वेगळी जोखीम आहे. पण तरी विचार करावा लागतोच, की जी बाई वर्षातले थोडे दिवस ड्रोनने फवारणी करते आणि बाकी वर्ष स्वतःची शेती बघते तिचा व्यवसाय ड्रोन पायलट लिहायचा की शेतकरी? आणि लग्नाचं शूटिंग ड्रोनने करणारा, तो पायलट की फोटोग्राफर? माझं मत, ड्रोन हे जिथे नुसतं हत्यार आहे तिथे मूळ काम धरावं आणि जिथे उडवणं हेच काम आहे, मोजणी, टेहळणी, भाड्याने फवारणी, तिथे स्वतंत्र कोड द्यावा.

फूड डिलिव्हरी करणारे कुठे येतात?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि उत्तर ऐकून लोक वैतागतात. आयएससीओ-०८ च्या मांडणीत मोटारसायकलवरून माल किंवा माणसं नेणारा ८३२१ मध्ये येतो. पायी पार्सल, निरोप, सामान पोहोचवणारा ९६२१ मध्ये. सायकलवरून माल नेणारा, पायडल मारून गाडी चालवणारे जिथे आहेत त्या ९३३१ मध्ये जाऊ शकतो. म्हणजे एकाच अॅपवर, एकच टी-शर्ट घातलेले, एकाच हॉटेलच्या बाहेर ऑर्डरची वाट बघत बसलेले तिघं जण नुसत्या वाहनावरून तीन ठिकाणी गेले.

त्यात आता तीन आकड्यांची गोष्ट आणा. ८३२ मध्ये बाइकवाल्यांबरोबर कार, टॅक्सी, व्हॅन चालवणारे सगळे आहेत. ९६२ मध्ये हमाली, निरोप्यांबरोबर मीटर रीडिंग घेणारे, पाणी आणि सरपण गोळा करणारे, मिळेल ते किरकोळ काम करणारे असे सगळे. तेव्हा तीन आकड्यांवर थांबलेल्या डेटातून डिलिव्हरी करणारे किती हे बाहेर काढता येत नाही, कितीही हुशार माणूस बसवा. सामाजिक सुरक्षा संहिता २०२० मध्ये गिग कामगार आणि प्लॅटफॉर्म कामगार यांची व्याख्या आली, ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागूही झाली, कायद्यात माणूस आला पण मोजणीत अजून दिसत नाही.

मग "गिग कामगार" असाच एक कोड का नाही काढत, असं लगेच विचारतात. तर तो काढू नये असं मला ठामपणे वाटतं. अॅपवरून काम मिळणं हा कामाचा प्रकार नाही, काम मिळण्याची पद्धत आहे. अॅपवरून ब्युटिशियन पण येते, प्लंबर पण येतो, टॅक्सी पण येते. सगळ्यांना एका कोडात कोंबलं तर ब्युटिशियन किती हे पण कळणार नाही आणि प्लंबर किती हे पण नाही. त्यासाठी सर्वेत वेगळा प्रश्न हवा, काम कोणाकडून मिळतं, भाव कोण ठरवतं, आयडी बंद केला तर दुसरीकडून काम मिळेल का. २०१८ मध्ये आयएलओच्या श्रम संख्याशास्त्रज्ञांच्या परिषदेने कामाच्या नात्यांचं जे नवीन वर्गीकरण स्वीकारलं त्यात परावलंबी कंत्राटदार असा गट आहेच, दाखवायला धंदा स्वतःचा पण दोर दुसऱ्याच्या हातात. तो आपल्या सर्वेत नीट यावा. आणि व्यवसायाच्या बाजूने, दुचाकीवरून घरपोच वस्तू देणारे एवढा एक खण वेगळा करून सर्वे चार आकड्यांवर न्यावा.

मी दोन-तीन कामं करतो, मग माझा कोड कोणता?

दोन वेगळ्या परिस्थिती आहेत. एकाच नोकरीत दोन प्रकारची कामं असतील तर ज्याला जास्त कौशल्य लागतं ते धरायचं. बनवणं आणि विकणं दोन्ही असेल तर बनवणं धरायचं, बेकरीवाला पाव भाजतो आणि गल्ल्यावरही बसतो, तो बेकर. पण दोन नोकऱ्या किंवा दोन धंदेच वेगळे असतील तर वर्षभरात ज्याला जास्त वेळ जातो तो मुख्य, आणि दुसरा निदान ३० दिवस केला असेल तर दुय्यम म्हणून वेगळा नोंदवला जातो. म्हणून सर्वेवाला आला की दुसरं काम आठवणीने सांगा, ते "त्यात काय सांगायचं" असं नसतं.

शेतकरी, शेतमजूर, ऊसतोड कामगार हे सगळे एकच का?

अजिबात नाहीत. स्वतःची किंवा खंडाने, बटाईने घेतलेली जमीन जो स्वतःच्या निर्णयाने कसतो तो विभाग ६ मध्ये, म्हणजे कोडचा पहिला आकडा ६. दुसऱ्याच्या रानात मजुरीने खुरपणी, काढणी करणारा विभाग ९ मध्ये, ९२११. फक्त घरी खाण्यापुरतं पिकवणाऱ्यांसाठी ६ मध्येच वेगळा उपविभाग आहे.

ऊसतोड कामगारांचं प्रकरण मात्र खास आहे. बीड, अहिल्यानगर, जालना या भागातले लोक दसरा-दिवाळीच्या सुमाराला उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात, तिकडे सहा-एक महिने नवरा-बायकोची जोडी कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीवर असते, परत आले की तेच लोक स्वतःच्या कोरडवाहू तुकड्यावर शेतकरी, आणि पाऊस नाही झाला तर बांधकामावर बिगारी. वर्षभराचा मुख्य व्यवसाय विचारला तर एक उत्तर येतं, मागच्या सात दिवसांचं विचारलं तर दुसरं, आणि सर्वे जानेवारीत त्यांच्या गावात गेला तर घराला कुलूप असतं. शिवाय ९२११ मध्ये बाकीच्या शेतमजुरांबरोबर एकदा मिसळले की ऊसतोड कामगार दिसतच नाहीत. आपल्या आठ आकड्यांत पुढचे चार आकडे असतात ते अशाच कामासाठी तर असतात, की जगात कुठे नसलेलं पण आपल्याकडे लाखो लोकांचं जगणं असलेलं काम तिथे नीट लिहावं. तोडणी, मोळी बांधणं, गाडी भरणं हे वर्णनात आलं पाहिजे, आणि जोडीतली बाई "मदतनीस" म्हणून न येता तोडणी कामगार म्हणूनच आली पाहिजे, ती तेवढंच काम करते.

मुकादम वेगळा. कामगार गोळा करणं, उचल वाटणं, टोळीवर देखरेख हे मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराचं काम झालं, त्याला आयएससीओत ३३३३ आहे. दोघं एकाच फडात असले म्हणून एका कोडात घालू नयेत.

विभाग ९ मध्ये येणारे लोक अकुशल असतात का?

कोड तसं म्हणत नाही पण लोक तसंच वाचतात, आणि याचा मला मनापासून त्रास होतो. आयएससीओत कौशल्याच्या चार पातळ्या आहेत, विभाग ९ पहिल्या पातळीवर. आपल्या २००४ च्या आवृत्तीत या पातळ्या शिक्षणाच्या वर्षांवर लावल्या होत्या, दहा वर्षांपर्यंतचं शिक्षण किंवा अनौपचारिक कौशल्य ही पहिली पातळी, पंधरा वर्षांच्या वर शिक्षण ही चौथी. अडचण अशी की आपल्याकडे बहुतेक कारागीर शाळेत शिकलेले नसतात, ते बापाकडून, मिस्त्रीकडून, उस्तादाकडून शिकतात. सेंटरिंगवाला स्लॅबचं वजन डोळ्यांनी जोखतो, माथाडी पोतं पाठीवर घेताना शरीर कसं धरायचं हे वर्षानुवर्षं शिकलेला असतो, आणि घरकाम करणाऱ्या मावशी स्वयंपाक, आजारी माणसाचं बघणं, लहान पोराला सांभाळणं हे सगळं करतात तरी एकदा "घरकाम" लिहिलं की ९१११. खरंतर घरी आजारी माणसाची शुश्रूषा करणाऱ्यांना ५३२२ आहे, मुलं सांभाळणाऱ्यांना ५३११ आहे, पण त्यासाठी कोणी तरी नीट विचारावं लागतं, मावशी दिवसभर काय काय करता?

कॅनडाने आपल्या व्यवसाय-वर्गीकरणाच्या २०२१ च्या आवृत्तीत जुनी कौशल्य पातळी काढून टाकली आणि प्रशिक्षण, शिक्षण, अनुभव, जबाबदारी असं चारही मिळून सहा गट केले. जसंच्या तसं उचला असं नाही, पण अनुभव आणि जबाबदारी मोजायची ही दिशा बरोबर आहे.

जातीवरून आलेल्या कामांचं काय?

हा प्रश्न लोक दबक्या आवाजात विचारतात, तो मोठ्याने विचारायला हवा. आपल्याकडे अजूनही काम विचारलं की कधी कधी उत्तर म्हणून जात येते, किंवा विचारणाराच आडनाव ऐकून मनात काम लिहून मोकळा होतो. परंपरेने केस कापणाऱ्या घरातला मुलगा सीएनसी मशिन चालवत असेल तर तो मशिन ऑपरेटर आहे, बस. आणि उलटही, गटारात उतरवल्या जाणाऱ्या माणसाला गोलमोल "सफाई कर्मचारी" लिहिलं की हाताने मैला साफ करायला लावणं, ज्यावर १९९३ ला आणि मग २०१३ ला कायद्याने बंदी आली, ते आकड्यांत लपून जातं. म्हणून वर्णनात काम स्पष्ट हवं, नाव मात्र माणसाला कमीपणा आणणारं नको. अपडेट करताना जुन्या आवृत्तीतलं एकेक नाव या नजरेने वाचून काढायला पाहिजे.

बाया "घरीच असते" सांगतात, त्यांचा कोड?

घरीच असते म्हणणारी बाई दोन म्हशींचं शेण-पाणी, धार, डेअरीला दूध घालणं, शिवाय शेतातलं निंदण करत असेल तर ती काम करते आणि तिला व्यवसायाचा कोड मिळायला हवा. नुसतं घरकाम असेल तर पीएलएफएसमध्ये ९२, घरकामाबरोबर घरच्यापुरतं सरपण आणणं, शिवणकाम वगैरे असेल तर ९३, आणि हे दोन्ही कोड कामकरी लोकांत धरले जात नाहीत. म्हणजे वर्गीकरण कितीही सुंदर केलं तरी दारात विचारलेला पहिला प्रश्न चुकला तर ती बाई वर्गीकरणापर्यंत पोहोचतच नाही.

जुन्या कोडमधले आकडे नवीन कोडशी कसे जुळवायचे?

इथे अभ्यासकांची खरी कसरत असते. जुना एक कोड नवीन एका कोडमध्ये सरळ गेला तर प्रश्न नाही. पण जुना एक फुटून तीन झाले, किंवा जुन्या चारातले थोडे थोडे लोक मिळून नवीन एक झाला, तर नुसत्या जुळवणीच्या तक्त्याने भागत नाही, कारण किती टक्के लोक इकडे गेले आणि किती तिकडे हे तक्ता सांगत नाही. ते कळायला एकच खात्रीचा मार्ग आहे, काही काळ तीच उत्तरं दोन्ही पद्धतींनी कोड करायची, जुन्यानेही आणि नव्यानेही. खर्चिक आहे, कंटाळवाणं आहे, पण ते टाळलं तर पुढची दहा वर्षं लोक खोट्या चढउतारावर लेख लिहीत बसतात.

आपल्याकडे पीएलएफएस २०१९-२० पर्यंत एनसीओ २००४ वर होतं, २०२०-२१ पासून एनसीओ २०१५ वर आलं. म्हणजे २०१५ ची आवृत्ती मुख्य सर्वेत यायला पाच वर्षं गेली, आणि बदल नेमका कोविडच्या काळात झाला. त्यामुळे त्या दोन वर्षांत एखाद्या व्यवसायातले लोक वाढले किंवा घटले दिसले तर आधी बघा की कोडची हद्द तर सरकली नाही ना, मग बाकीची कारणं शोधा. अमेरिकेतही उशीर होतोच, २०१८ ची एसओसी तिकडच्या व्यवसाय-वेतन आकडेवारीत पूर्णपणे मे २०२१ च्या अंदाजांत आली, मधली दोन वर्षं मिश्र कोड वापरावे लागले.

जुनी कामं यादीतून काढतात का?

सहसा एकदम काढत नाहीत, मोठ्या गटात मिसळतात. टंकलेखक, टेलिफोन ऑपरेटर ही कामं कमी झाली पण संपलेली नाहीत, कोर्टाच्या बाहेर अजून टाइपरायटर दिसतात. कल्हई करणारे थोडे उरलेत, पण आहेत. माझं म्हणणं, माणसं आहेत तोवर वर्णन ठेवावं, कोड मिसळला तरी चालेल.

दर किती वर्षांनी अपडेट व्हायला हवं?

जगात साधारण दहा वर्षांचा अंदाज धरतात. ब्रिटनने १९९०, २०००, २०१०, २०२० असं अगदी नियमाने केलं. फार लवकर केलं तर आकड्यांची साखळी तुटत राहते, फार उशिरा केलं तर "इतर" फुगत जातं. खरंतर "इतर" मध्ये किती लोक पडतायत हेच दरवर्षी बघत राहावं. मुख्य ढाचा दहा वर्षं तसाच ठेवून कामांच्या नावांची अनुक्रमणिका मात्र दरवर्षी वाढवत न्यावी, म्हणजे बिगारी, हमाल, सेंटरिंगवाला, पीओपीवाला, मोबाइल रिपेअरिंगवाला असं लोक जे बोलतात ते शोधलं की योग्य कोड सापडला पाहिजे.

कोडवरून माझा पगार किंवा किमान वेतन ठरतं का?

नाही. किमान वेतनाचे दर सरकार वेगळ्या अधिसूचनेने ठरवतं. एनसीओ मोजणीसाठी आहे, त्यावरून मालकाशी भांडता येणार नाही.

कॅनडासाठी कोड निवडताना कंपनीतलं पद बघायचं का?

पद बघू नका, त्या कोडखाली लिहिलेली मुख्य कामं वाचा. कॅनडाचं व्यवसाय-वर्गीकरण, एनओसी, वेगळं आहे, पाच आकडी, त्यातला दुसरा आकडा वर सांगितलेल्या सहा गटांपैकी तुमचा गट सांगतो. एक्सप्रेस एंट्रीत, म्हणजे पीआरच्या ऑनलाइन अर्जाच्या पद्धतीत, २०२१ ची आवृत्ती १६ नोव्हेंबर २०२२ पासून आहे, त्यामुळे जुने चार आकडी कोड सांगणारे व्हिडिओ बघून काही भरू नका. सॉफ्टवेअरवाल्यांचा नेहमीचा गोंधळ २१२३१ आणि २१२३२ मध्ये, पहिला सॉफ्टवेअर इंजिनिअर आणि डिझायनर, दुसरा डेव्हलपर आणि प्रोग्रॅमर. तुमच्या अनुभवाच्या पत्रात जी कामं लिहिलीत ती ज्या वर्णनाशी जुळतात तो कोड. इथला एनसीओ कोड तिकडे लावायचा नाही.

आता एआय आहे, मग लोकांच्या उत्तरांना व्यवसायाचे कोड देणं आपोआप होईल ना?

मदत नक्की होते. "कंपनीत कामाला" यापेक्षा थोडं जास्त लिहिलेलं असेल तर कॉम्प्युटर पाच-सहा शक्य कोड चांगले सुचवतो आणि कोड करणाऱ्याचा वेळ वाचतो. पण तो शिकतो जुन्या कोड केलेल्या उत्तरांवरून, आणि जुन्या उत्तरांत ऊसतोडीतली बाई मदतनीस लिहिलेली असेल तर तो पण तेच लिहील, आणि ते खूप वेगाने. नवीन कोड तर त्याने पाहिलेलेच नसतात. म्हणून काही उत्तरं दोन माणसांकडून वेगवेगळी कोड करून घ्यायची, कुठे मतभेद होतात ते बघायचं, आणि जिथे सारखे मतभेद होतात तिथे बहुतेक वेळा वर्णनच संदिग्ध असतं. अपडेट करायला यासारखा दुसरा चांगला कच्चा माल नाही.

सर्वेवाल्याने काम विचारलं तर काय सांगू?

काय करता, कशावर करता, कोणासाठी करता. "कंपनीत आहे" नको, "गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत सीएनसी मशिन चालवतो" असं सांगा. "शाळेत आहे" नको, शिकवता, ऑफिसात बसता की शाळेची बस चालवता ते सांगा. "सुपरवायझर" एवढंच नको, स्वतः पण काम करता की फक्त माणसं बघता ते सांगा. आशाताई असाल तर आशा म्हणून सांगाच, पण घरोघरी जाऊन गरोदर बायांची नोंद, लसीकरणाला बोलावणं, औषधं देणं हेही सांगा, कारण समाजात जाऊन आरोग्याचं काम करणाऱ्यांना ३२५३ हा कोड आहे आणि नुसतं "स्वयंसेविका" लिहून गेलं तर तो मिळेलच असं नाही.

पुढच्या आवृत्तीसाठी सूचना पाठवायची असेल तर कशी लिहू?

आयएससीओ-०८ च्याही सुधारणेचा विचार आयएलओमध्ये सुरू आहे, तेव्हा आपलं पुन्हा उघडणार हे धरून तयारी ठेवा. "आमच्या व्यवसायाला मान मिळाला पाहिजे" या एका वाक्यावर वर्गीकरण ठरवणारी समिती काहीच करू शकत नाही, भावना खरी असली तरी. हे लिहा: माणूस सकाळपासून संध्याकाळपर्यंत काय काय करतो, त्यातली कोणती कामं दुसरं कोणी करत नाही, काम कुठे आणि किती दिवसांत शिकला, कुठली हत्यारं, मशिन, अॅप वापरतो, लायसन्स लागतं का, आत्ता त्याला कोणत्या कोडात टाकतात आणि तिथे काय जुळत नाही, कुठल्या कुठल्या जिल्ह्यांत असे लोक आहेत, आणि गावोगाव या कामाला काय काय नावं आहेत. संघटना असेल तर सगळ्या सभासदांनी तेच पत्र छापून पाठवू नका, वेगवेगळ्या ठिकाणच्या दहा जणांनी आपापल्या कामाचं वर्णन स्वतःच्या शब्दांत लिहून दिलं तर ते शंभर छापील पत्रांपेक्षा जास्त उपयोगी पडतं. लिहिता येत नसेल तर बोलून रेकॉर्ड करा आणि घरातल्या पोरांकडून टाइप करून घ्या.